प्रवासवर्णनांतून निसटलेला यूरोप

मराठींत यूरोपच्या प्रवासवर्णनांची वाण नाहीं. पंडिता रमाबाईंचें 'इंग्लंडचा प्रवास' हें पत्ररूप लेखन १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. अनंत काणेकरांच्या 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकानें स्थळांच्या जंत्रीस रजा देऊन प्रवाशाचें मन पुढें आणलें, आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'नें (१९६०) घरोघरच्या वाचकांस हसतां हसतां लंडन-पॅरिसची वाट दाखविली. या ग्रंथांची योग्यता वादातीत आहे. आमची तक्रार आहे ती त्यांच्या मागून आलेल्या पिकाविषयीं. त्यांतील बहुतेकांनीं ना काणेकरांची दृष्टि घेतली, ना देशपांड्यांचा विनोद. घेतला तो केवळ मार्गक्रम. तोच मनोरा, तेंच संग्रहालय, आणि शेवटीं घरच्या वरणभाताची आठवण.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास कारण आहे. यूरोप ही आतां आयुष्यांत एकदांच घडणारी यात्रा राहिलेली नाहीं. भोसरीचेंच उदाहरण घ्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि पुढें या शेतकऱ्यांच्या गांवाभोंवतीं कारखाने उभे राहिले. २००९ मध्यें चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या पट्ट्यांतील तरुण अभियंते कामानिमित्त महिनेच्या महिने जर्मनींत राहतात, आणि सुटी मिळाली कीं चार मित्र मिळून बर्लिन, कोपनहेगन असा फेरफटका करितात. जुना प्रवासी जेथें फिरकलाहि नसता, अशा रूढीबाहेरच्या वस्त्यांत हे मित्र हौसेनें जातात. पण लिहावयास बसले कीं रंगविलेल्या भिंती, वाढविलेले केस आणि रात्रीचें संगीत यांपलीकडे लेखणी सरकत नाहीं. मनोऱ्याच्या जागीं भिंत आली, इतकाच काय तो पालट.

वास्तविक या वस्त्यांचें खरें स्वारस्य भिंतींत नाहीं. कोपनहेगनमधील ख्रिश्चानिया ही वस्ती १९७१ सालीं सैन्यानें सोडलेल्या बराकींत लोकांनीं परवानगीवांचून घुसून वसविली. तेथें मोठे निर्णय मतें मोजून होत नाहींत. सर्वांची सभा भरते व एकमत होईपर्यंत बोलणें चालतें. २०१२ मध्यें रहिवाशांनीं एका निधीच्या द्वारें ती जागा सरकारकडून विकत घेण्यास आरंभ केला. याच वस्तींत गांजाचा उघड व्यापार बोकाळला, त्यापाठोपाठ खून पडले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्यें रहिवाशांनींच त्या कुप्रसिद्ध रस्त्याचे दगड आपल्या हातांनीं उखडून काढले. बर्लिनमधील टाखेलेस या जुन्या पडक्या दुकान-इमारतींत १९९० सालीं कलावंत शिरले. २०१२ मध्यें त्यांस तेथून घालविण्यांत आलें. मुक्त जगण्याची किंमत काय, ती कोण देतो, आणि ती देण्याचें कोणीं नाकारलें म्हणजे काय होतें, हें सारें या दोन हकीकतींत आहे. प्रवासवर्णनांत नेमकें हेंच सांपडत नाहीं.

तें कसें लिहावें याचा धडा आमच्याच भाषेंत आहे. बर्लिनमध्यें राहून १९३० सालीं डॉक्टरेट मिळविलेल्या इरावती कर्वे यांनीं पुढें 'परिपूर्ति' या संग्रहांत 'वाटचाल' हा लेख लिहिला, तो मात्र बर्लिनवर नव्हे, पंढरीच्या वारीवर. आळंदीहून दिघीमार्गें पुण्यास जाणारी ज्ञानोबांची पालखी भोसरीच्या शेजारूनच जाते. बाई दिंडीबरोबर चालल्या, तिच्या भजनांत रमल्या, सोबत्यांच्या प्रेमानें भारावल्या. आणि तरीहि, एका वाटेनें चालणारे ब्राह्मण व मराठे जेवावयास मात्र निरनिराळे बसतात, हें त्यांनीं झांकून ठेविलें नाहीं. दिंडी म्हणजे तरी काय? स्वतःची वर्गणी, स्वतःचे नियम आणि स्वतःची शिस्त असलेली चालती वस्तीच. तिच्याकडे आपुलकीनें पण डोळे उघडे ठेवून पाहणें, हीच ती दृष्टि. ती घेऊन जो ख्रिश्चानियांत जाईल तो भिंतीचें छायाचित्र काढण्यापूर्वीं विचारील, कीं येथें केर कोण काढतो, आणि सभेंत कोणाचा आवाज ऐकूं येत नाहीं?

प्रवासवर्णन हें करमणुकीसाठीं असतें, त्यावर समाजशास्त्राचें ओझें कशास, असा आक्षेप येईल. पण आम्ही पांडित्य मागत नाहीं. 'वाटचाल' वाचतांना कोणासहि पांडित्याचा भार वाटत नाहीं. आम्ही मागतों ती जिज्ञासा, आणि ती मागण्यास आमचा स्वार्थहि आहे. आमच्या औद्योगिक पट्ट्यांतहि कारखाने बंद पडतात. त्यांच्या जागेवर बहुधा उंच इमारती चढतात, आणि ती जागा नाटकास, वाचनालयास, मुलांच्या खेळास देतां आली असती कीं काय, हा विचार कोणी बोलूनहि दाखवीत नाहीं. सोडून दिलेल्या वास्तूचें लोकांनीं काय केलें व तें करतांना ते कोठें फसले, हें पाहून आलेला भोसरीचा तरुण जर केवळ रंगांविषयीं लिहील, तर तो प्रवासाचा खर्च वसूल करील, पण गांवाचें देणें त्याच्याकडे बाकी राहील.