‘अद्ययावत्’ म्हणजे काय?

गेल्या महिन्यांत गुलमंडीवरील एका अक्षरजुळणीच्या दुकानांत माझ्या लेखसंग्रहाची २००३ सालची फाईल उघडविली, तों पडद्यावर मराठीऐवजीं रोमन अक्षरांची निव्वळ खिचडी! त्या काळच्या फाँटांनीं ‘क’, ‘ख’ हीं अक्षरें रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवरच बसविलीं होतीं. फाँट गेला कीं मराठी गेली. तो फाँट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला, तें विंडोज एक्सपीवर चालणारें. आणि एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली. नवी आवृत्ति दुकानांतील जुन्या यंत्रावर चढेना, जुनी नव्या यंत्रावर चालेना.

‘अद्ययावत्’ याचा अर्थ आजपर्यंतचें. या शब्दांत कालचाहि दिवस येतो. हल्लीं ज्यास अपडेट म्हणतात, तें मात्र आजपासूनचें असतें. जुन्या प्रणालीच्या भेगा बुजविणारा कोणी न उरल्यास तींत चोर शिरणारच, हा कारागिरांचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण जुना मजकूर पलीकडे नेण्याची सोय नव्या आवृत्तीबरोबरच कां देऊं नये?

दोष एकट्या त्यांचाहि नव्हे. युनिकोडांत देवनागरी १९९१ पासून आहे. आम्ही लेखक-प्रकाशक मात्र पुढेंहि वर्षानुवर्षें जुन्याच फाँटांत मजकूर कोंडीत राहिलों; छापील पान सुबक दिसे, एवढ्यावर आम्ही संतुष्ट. (मोडी दप्तरें वाचणारा निदान शोधून सांपडतो!)

दुकानदारानें अखेर मजकूर परिवर्तकांतून काढून दिला. रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले आहेत. सध्यां तिसऱ्या लेखाचें मुद्रितशोधन चालू आहे.