ऐकलेली शर्यत, ऐकलेले रोम

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्याने ऑलिंपियाच्या क्रीडामहोत्सवास जमलेल्या लोकांना आपला इतिहास वाचून दाखविला, अशी एक कथा लुशियन ह्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेखकाने सांगितली आहे. हिरोडोटसनंतर सुमारे सहाशे वर्षांनी लिहिलेली ही कथा खरी मानावी की नाही, हा प्रश्न वेगळा. पण खेळ, इतिहास आणि श्रवण ह्यांची तिने घातलेली सांगड गेल्या पावसाळ्यात आम्हांस वारंवार आठवली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आमचे वाचन बंद होते. तेव्हा आमच्या कन्येने मोबाइलवर दोन इंग्रजी श्राव्य पुस्तके लावून दिली. एक नौकाशर्यतीचे, दुसरे प्राचीन रोमचे.

डॅनिअल जेम्स ब्राउन ह्यांचे ‘द बॉइज इन द बोट’ (२०१३) हे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या तरुणांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मिळविलेल्या सुवर्णपदकाची हकिगत सांगते. आठ जण वल्ही मारणारे, एक सुकाणू धरणारा. ६ मिनिटे २५.४ सेकंदांत त्यांची नाव पोहोचली. इटली अवघ्या ०.६ सेकंदाने मागे, जर्मनी पूर्ण एका सेकंदाने. निकाल आम्हांस आधीच ठाऊक होता. तरीही ग्रुनाऊच्या त्या पाण्यावर नावा निघाल्या आणि समोरचा चहा निवून गेला. छापील पानावर डोळा चोरून पुढच्या परिच्छेदाकडे धावतो. कानाला ती सवलत नाही. त्याला प्रत्येक वल्ह्याबरोबरच पुढे जावे लागते. शर्यतीची गोष्ट ऐकण्यात जी गोडी आहे, ती ह्यामुळेच असावी.

वाचक एडवर्ड हरमन (ते २०१४ साली निवर्तले) ह्यांचा संयम विशेष वाखाणण्याजोगा. वडील आणि सावत्र आई ज्याला एकटा टाकून निघून गेले, त्या जो रँट्झची कहाणी ते गळा दाटून न आणता वाचतात. मिस्सेत पौलाचे पत्र वाचणारा चांगला वाचक स्वतः पौल होऊ पाहत नाही, तसेच हे.

मात्र नेमक्या ह्याच आवाजाविषयी आमची तक्रार आहे. शर्यतीची वेळ आणि नावेतील तरुणाच्या मनातील कालवाकालव, दोन्ही तो सारख्याच ठामपणे सांगतो. ब्राउन ह्यांनी वृद्ध रँट्झची भेट घेतली होती, कागदपत्रे धुंडाळली होती. ते कल्पनेचे पतंग उडवीत नाहीत. पण कोणती गोष्ट कोठून घेतली हे सांगणाऱ्या टिपा छापील पुस्तकाच्या अखेरीस आहेत. ऐकणाऱ्याच्या वाट्याला त्या येत नाहीत. त्याने केवळ विश्वास टाकायचा.

मेरी बिअर्ड ह्यांचे ‘एस.पी.क्यू.आर.’ (२०१५) ऐकताना आम्ही दोनदा कंटाळून थांबलो, हे कबूल केले पाहिजे. इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरोने कॅटिलाइनचा कट उघडकीस आणला, तेथून प्रारंभ. मग एकदम मागे रोम्युलसकडे उडी. आणि शेवट इ.स. २१२ मध्ये, कॅराकॅला साम्राज्यातील सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व देतो तेथे. नावांची गर्दी एवढी की बोट सारखे मागे न्यावे लागे. नकाशे तर नाहीतच. (फिलिडा नॅश ह्यांच्या वाचनातील ‘सिसेरो’ ऐकून, लॅटिन मिस्सा ऐकत वाढलेल्या आमच्या कानांना ‘चिचेरो’ची आठवण येत राहिली, ही आमची खोड.)

असे असूनही, कानाशी अधिक प्रामाणिक राहिले ते हेच पुस्तक. बिअर्ड आपली शंका टिपांकडे सोपवीत नाहीत. ती वाक्यातच बोलतात. कट सिसेरो सांगतो तेवढा मोठा होता काय? ह्या कथेचा लाभ कोणाला होता? नॅश ह्यांच्या संथ वाचनात हे प्रश्न स्पष्ट उमटतात, आणि ऐकणाऱ्याला कोठे खात्री आहे व कोठे तर्क, हे चालता चालता कळते. आपल्या इतिहासात अद्भुत कथा नसल्यामुळे तो कानांना कमी गोड वाटेल, असे थ्युसिडिडीजने बजावून ठेवले होते. गोडीच्या बाबतीत त्याचे म्हणणे आम्हांस पटले. पण अशा इतिहासाचे स्थान केवळ पानावरच आहे, असे मात्र आता वाटत नाही.

डोळे निवळल्यावर रोमचे छापील पुस्तक आणून आम्ही आधी नकाशे पाहिले. नावेचे पुस्तक पुन्हा ऐकावयास घेतले आहे. ह्या खेपेस टिपांची पाने शेजारी उघडी ठेवून.