अस्तरातला ड्रॅगन आणि पदरावरचा मोर

श्रोतेहो, जपानी अंगरख्यावरच्या ड्रॅगनबद्दल डिंगोऱ्यात कशाला बोलायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण युरोपातला ड्रॅगन आग ओकतो आणि चीन-जपानातला पाणी आणतो, एवढा फरक आधी लक्षात घेऊ. तो ढगांत राहतो, लाटांतून वर येतो. माळशेजच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसांना ढगांतून वळवळत येणारं काहीतरी फार समजावून सांगावं लागत नाही.

चीनच्या दरबारात पाच नखांचा ड्रॅगन बादशहाच्या वस्त्राची खूण होती. तिथे तो हुद्दा सांगतो. आम्हाला जास्त भावतो तो जपानातल्या एदो शहराच्या बंबवाल्यांचा. एदो म्हणजे आजचं टोकियो. सगळी लाकडी घरं, आगी सारख्याच लागायच्या. विझवणारे लोक जाड, गोधडीसारखे टाके घातलेले सुती अंगरखे पाण्यात भिजवून घालायचे. बाहेरून अंगरखा साधा. आत अस्तरावर मात्र ड्रॅगन रंगवलेला, अगदी अंगाला लागून. आग विझली की अंगरखा उलटा करून घालायचा आणि ड्रॅगन मिरवत गल्लीतून परत यायचं! पाण्याचा प्राणी आगीत जाणाऱ्याच्या पाठीशी. तेच चित्र बादशहाच्या छातीवर वेगळं बोलतं आणि इथं वेगळं. म्हणजे चिन्हाचा अर्थ विचारायचा तर ते कुणाच्या अंगावर आहे, कुठल्या बाजूला आहे, हेही विचारावं लागतं.

आता आपल्याकडे या. कल्पनेतलं जनावर आपल्याकडेही आहे. शिवनेरीच्या दरवाजावर शरभ कोरलेला आहे, तुमच्यापैकी अनेकांनी जाता-येता पाहिलाही असेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांवर तो पंजात हत्ती दाबून उभा असतो. आत येणाऱ्याला सत्ता कुणाची ते सांगणं, हे त्याचं काम. हा शरभ आपल्या पैठणीवर का आला नाही? विणता येत नाही म्हणून, असं म्हणता येणार नाही. तिकडे कांचीपुरमच्या साड्यांवर याळी आहे, दोन तोंडांचा पक्षी आहे. आपल्या पदरावर मोर, पोपट, कमळ, आसावलीची वेल. आमचं मत असं की दरवाजा आणि पदर यांची कामंच आपण वेगळी मानली. दरवाजा अडवतो. पदराचं काम आपल्या भाषेनेच सांगून ठेवलंय: पदर पसरतात, पदराखाली घेतात, पदरात टाकतात, पदरमोड करतात. मागणं, झाकणं, देणं या सगळ्याला पदर लागतो. तिथं हत्ती दाबणारं जनावर शोभलं नसतं. मोर मात्र शोभतो, आणि गंमत म्हणजे तोही पावसाचाच. ड्रॅगनचं निम्मं काम आपण मोराकडे दिलं म्हणा ना.

हे सगळं सोडून हल्ली साडीबरोबर अर्थ सांगितला जातो तो असा: मोर म्हणजे सौंदर्य, कमळ म्हणजे पावित्र्य, पोपट म्हणजे प्रेम. या यादीवर आमचा आक्षेप आहे. ती कॅलेंडरवरच्या मोरालाही लागू पडते आणि प्लास्टिकच्या पिशवीवरच्याही. पैठणीचा मोर पैठणीचा का, हे तिच्यातून कळत नाही. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्रात आसावली दुपट्ट्यांची मागणी आहे, रंगांसकट. तिथं वेल कशाचं प्रतीक याची चर्चा नाही. कुठलं काम हवं ते नेमकं सांगितलंय. गिऱ्हाइकाला विणकाम कळत होतं.

आणि विणकामातच खरी गोष्ट आहे. हातमागाच्या पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. विणकर तो धागा त्या रंगाच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरतो. असा एकेक ओळीनं मोर उभा राहतो. भरगच्च पदराला महिनेच्या महिने जातात. यातून जे कापड होतं त्याचा मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो. बंबवाल्याच्या अंगरख्याला आत-बाहेर आहे, तिथं अर्थ त्या उलटण्यात आहे. पैठणीला उलटी बाजूच नाही म्हटलं तरी चालेल. पसरलेला पदर दोन्हीकडून बघितला जातो, म्हणून आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं.

यंत्रमागावरच्या नकलेत समोरचा मोर हुबेहूब असतो. मागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. स्वस्त साडी घेणाऱ्या बाईला आम्ही मुळीच दोष देत नाही. लग्नाच्या खर्चात तेवढंच परवडतं. पण नकलेला पैठणी म्हणून विकलं, की येवल्या-पैठणचा हातमागवाला आपल्या महिन्यांची किंमत कशी मागणार? अर्थाची यादी इथं त्याच्या उपयोगाची नाही, कारण ती दोन्ही मोरांना सारखीच बसते. तेव्हा दुकानात आधी पदर उलटा करून बघा, आणि दुकानदार ‘कशाला’ म्हणाला तरी बघा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून हात वर करून आहात.