धातूंचा नैसर्गिक सहवास आणि शिंपल्यांवरील आपले प्रयोग

आपल्या प्राणिशास्त्र विभागांतून होणाऱ्या विषाक्ततेच्या अभ्यासाची एक ठराविक घडी बसून गेली आहे. नदीतून वा धरणातून लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस जातीचे शिंपले आणावयाचे, काही दिवस प्रयोगशाळेच्या पाण्यात रुळू द्यावयाचे, मग मोरचुदाच्या चढत्या मात्रांत 96 तास ठेवून निम्मे प्राणी कोणत्या मात्रेस मरतात ते काढावयाचे. पुढे प्रथिने व ग्लायकोजेन किती घटले याची कोष्टके द्यावयाची. या परिश्रमास कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु अशा आकड्यावरून तापी-गिरणेच्या पाण्याविषयी निष्कर्ष काढले जातात, तेव्हा ते त्या प्रयोगातून खरोखर निघतात काय, हे विचारणे प्राप्त आहे.

पहिली अडचण प्राण्याच्या स्वभावातच आहे. पाण्यात तांबे जाणवताच शिंपला कवच मिटून घेतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. म्हणजे 96 तासांचा आकडा जितका विषाचा, तितकाच दम धरण्याच्या शक्तीचाही असतो. ग्लायकोजेन घटले ते तांब्यामुळे, की मिटलेल्या कवचात प्राणवायू न मिळाल्यामुळे, हे कोष्टक सांगत नाही. शिवाय गोड्या पाण्यातील या शिंपल्यांची ग्लॉकिडियम नावाची अळी माशाच्या कल्ल्यांस व परांस चिकटून वाढते. तांब्यास सर्वांत हळव्या अवस्था त्या अळीच्या व तिच्या पाठोपाठच्या बाल्याच्या. आपण मात्र प्रौढ शिंपले घेतो, कारण ते सापडतात व सांभाळता येतात!

ज्यांना निसर्गानेच धातूंत ठेवले आहे अशा शिंपल्यांशी ताडून पाहिले म्हणजे ही उणीव अधिक स्पष्ट होते. 1977 साली गालापागोसजवळ सुमारे 2500 मीटर खोलीवर समुद्रतळातील उष्णोदकाची मुखे व त्यांभोवतीची जीवसृष्टी प्रथम दिसली. अटलांटिकच्या मध्यरांगेवर अशाच मुखांपाशी बॅथिमोडिओलस अझोरिकस हा शिंपला राहतो. मेनेझ ग्वेन हे त्याचे ठिकाण सुमारे 850 मीटर, तर रेनबो सुमारे 2300 मीटर खोल. रेनबोचे पाणी 350 अंशांहून अधिक तप्त व लोहाने अतिशय समृद्ध. शिंपला अर्थातच त्या झोतात बसत नाही. थंड समुद्रजल मिसळून निवालेल्या पाण्यात बसतो. तरीही त्याच्या कल्ल्यांत व पचनग्रंथीत तांबे, जस्त, कॅडमियम यांचा साठा होतो. त्यांपैकी काही भाग मेटॅलोथायोनीन या प्रथिनाने बांधला जातो, काही लायसोसोममधील अविद्राव्य कणांत कोंडला जातो. आणि बाहेरच्या पाण्यातील सल्फाइडमुळे पुष्कळसा धातू प्राण्याच्या हाती लागण्यापूर्वीच निरुपद्रवी होतो. तात्पर्य, शरीरात धातू असणे आणि धातूने इजा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या कोष्टकांत त्या सर्रास एक होतात.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चोपडा तालुक्यातील अडावदजवळचे किंवा शहाद्याकडील उनपदेव पाहून कोणास वरील तुलना घरापर्यंत आणण्याचा मोह होईल, तो आवरावा. तेथील ऊब खोल मुरून वर आलेल्या भूजलाची आहे, शिलारसाची नव्हे. खानदेशातील नैसर्गिक धातू शोधावयाचा तर तो खडकात शोधावा. बेसॉल्टमध्ये एका किलोग्रॅमला साधारण 100 मिलिग्रॅम तांबे असते, ग्रॅनाइटात त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे तापीच्या, गिरणेच्या, पांझरेच्या गाळात कारखान्याचा थेंबही पडण्यापूर्वी तांबे असतेच. ही मूळ पातळी न मोजता ‘प्रदूषण’ हा शब्द वापरला की खडकावर आळ येतो. उलट उद्या एखादा कारखानदार आपला सारा धातू त्याच खडकाच्या माथी मारील, तेव्हा त्यास उत्तर देण्याजोगे आपल्यापाशी काही नसेल. मला दुसरी शक्यता अधिक भयावह वाटते.

उपाय दुर्घट नाही. गाळातील तांब्याचे ॲल्युमिनियमशी प्रमाण काढले म्हणजे खडकाचा वाटा बराचसा वेगळा करता येतो. सातपुड्याच्या पायथ्याचे, वस्तीच्या वरचे ओढे आणि भुसावळ-जळगावच्या खालची तापी यांतील एकाच वयाचे शिंपले शेजारी ठेवावेत. ऊतींतील एकूण धातूऐवजी बांधलेला किती व मोकळा किती, हे पाहावे.

हा वाद केवळ खानदेशापुरता नाही. 2016 साली भारत सरकारने हिंदी महासागरातील सल्फाइड खनिजांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. क्षेत्र 10,000 चौरस किलोमीटर. तेथील प्राणी धातूंस सरावलेलेच आहेत, तेव्हा खाणकामाच्या गढूळ लोटाने त्यांचे काय बिघडणार, असा युक्तिवाद सुचणे फार सोपे आहे. पण तो सराव विरघळलेल्या, सल्फाइडशी जखडलेल्या, विशिष्ट प्रमाणातील धातूंचा आहे. नुकत्याच फोडलेल्या खनिजाच्या भुकटीचा नाही. बेसॉल्टवर वाढलेल्या आपल्या शिंपल्यास मोरचूद सोसवेल असे मानणे याच जातीची चूक होय.

तूर्त एवढे तरी व्हावे : पुढील प्रबंधांच्या कोष्टकांत पाण्याची कठीणता – कठीण पाण्यात तांब्याचे विष मंदावते – आणि प्रत्येक प्राण्याचे कवच किती तास उघडे राहिले, ही दोन सदरे असावीत. दुसऱ्यासाठी उपकरण लागत नाही. पाळीने रात्र जागणारे दोन विद्यार्थी पुरेत.