अप्रकाशित खेळाची समीक्षा : अंतराळ-व्यूहखेळांच्या पूर्वचर्चेविषयी एक विचार

कलाकृतीची समीक्षा ती समोर आल्यानंतरच करावी, हा वाङ्मयविचारातील सर्वमान्य संकेत होय. नाटकाचा पडदा उठण्यापूर्वीच त्याचे गुणदोष सांगू लागणारा टीकाकार हास्यास्पद ठरतो. संगणकावरील खेळांच्या क्षेत्रात मात्र हा संकेत केव्हाच मोडला गेला आहे. खेळ हाती येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या घोषित वैशिष्ट्यांची चिकित्सा सुरू होते, आणि अंतराळातील साम्राज्यविस्तारावर रचलेल्या व्यूहखेळांच्या बाबतीत ही प्रवृत्ती विशेष बळावलेली दिसते. या चर्चेला ‘पूर्वसमीक्षा’ असे नाव देऊन तिची मर्यादा कोणती आणि तिने कोणत्या कसोट्या हाती घ्याव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वसमीक्षेला उथळ म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण या खेळप्रकाराला त्याचे नाव पूर्वसमीक्षेनेच दिले, ही गोष्ट विसरता येत नाही. ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ १९९३ साली प्रसिद्ध होण्याच्या सुमारास अ‍ॅलन एमरिच यांनी ‘कम्प्यूटर गेमिंग वर्ल्ड’ या अमेरिकन मासिकात त्याची आगाऊ ओळख करून दिली. शोध, विस्तार, दोहन आणि संहार या अर्थांच्या चार इंग्रजी क्रियापदांत त्यांनी खेळाचे सार सांगितले, आणि त्या शब्दांतील समान ध्वनीवरून ‘फोर-एक्स’ ही संज्ञा रूढ झाली. एखाद्या प्रकाराचे लक्षण त्यातील कृती पूर्णपणे लोकांच्या हाती येण्यापूर्वी बांधले जावे, असे उदाहरण साहित्याच्या इतिहासात सहसा आढळणार नाही.

परंतु या लक्षणात अव्याप्तीचा दोष आहे. त्याच खेळात ग्रहवासीयांच्या परिषदेची योजना होती. लोकसंख्येच्या प्रमाणात मते मोजली जात आणि दोनतृतीयांश मते मिळविणारा सत्ताधीश विजयी ठरे. म्हणजे संहाराखेरीज विजयाचा एक मार्ग मूळ कृतीतच उपलब्ध होता. चार क्रियापदांत मात्र त्याला स्थान मिळाले नाही. पुढील पूर्वचर्चेने हे लक्षणच प्रमाण मानले. परिणामी येऊ घातलेल्या खेळाविषयी प्रश्न विचारले जातात ते ग्रह किती, नौकांचे प्रकार किती, शस्त्रे कोणती, असे. तह कसे मोडतात आणि मोडणाऱ्याला काय किंमत द्यावी लागते, हा प्रश्न क्वचितच पुढे येतो.

येथे वैशिष्ट्य आणि रचना यांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला दोन घरे जाण्याची मुभा आहे. यादीत हा फरक एका ओळीचा आहे, पण त्याने डावाच्या आरंभीची सारी गती पालटते. खेळाचे मोल सोंगट्यांच्या संख्येत नसून त्यांच्या परस्परसंबंधांत असते, आणि जाहिरातीला नेमके हे संबंधच सांगता येत नाहीत. ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाची २०१३ साली घोषणा झाली. त्यातील विश्वाच्या अफाट विस्ताराने खेळाडू मोहित झाले. २०१६ साली खेळ आल्यावर एकाच स्थळी पोहोचलेल्या दोन खेळाडूंना परस्परांचे दर्शनही घडेना. पुढे निर्मात्यांनी ही उणीव भरून काढली; तथापि विस्ताराच्या वचनात संबंधाचे वचन गृहीत धरण्याची चूक पूर्वसमीक्षेचीही होती.

या दृष्टीने पुण्यात तयार झालेल्या ‘इंडस’ या खेळाचे उदाहरण उद्बोधक आहे. सुपरगेमिंग या पुण्यातील संस्थेने २०२२ साली त्याची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो भ्रमणध्वनीवर सर्वांसाठी खुला झाला. विर्लोक नावाच्या कल्पित ग्रहावर घडणारा हा खेळ काटेकोर अर्थाने व्यूहखेळ नव्हे. अखेरपर्यंत तगून राहण्याच्या झुंजीचा तो प्रकार आहे. पूर्वचर्चेत भर राहिला तो त्याच्या भारतीय भविष्यचित्रावर, म्हणजे वेशभूषा, शस्त्रे आणि वास्तू यांवर. वस्तुतः त्याच्या घोषणेतील विचारणीय भाग ‘कॉस्मियम’ हा होता. हा दुर्लभ पदार्थ हस्तगत करणाऱ्यालाही विजय मिळावा, अशी ती योजना होती. शेवटचा शत्रू टिपणे आणि एक वस्तू राखणे या दोन उद्दिष्टांत निवड करावी लागली, की नुसत्या नेमबाजीत व्यूहाचा प्रवेश होतो. भारतीयत्वाचा शोध वेशभूषेत घेण्यापेक्षा अशा नियमांत घेतला गेला असता, तर पूर्वचर्चा अधिक फलदायी झाली असती.

मग पूर्वसमीक्षेच्या कसोट्या कोणत्या? त्या शोधण्यासाठी पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा सोयीचा आहे. कारण व्यूहखेळ ज्या व्यवहारांचे रूपक रचतात, ते व्यवहार येथे प्रत्यक्ष घडले आहेत. पहिली कसोटी कालाची. १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड सैन्याला चाकणचा लहानसा भुईकोट पन्नासाहून अधिक दिवस लढवावा लागला. किल्ला पडला, पण फिरंगोजी नरसाळ्याने मोगलांचा वेळ खर्ची पाडला. त्याच चाकणात आज मोटारींचे कारखाने उभे आहेत, आणि सुटे भाग ठरल्या वेळी न पोहोचल्यास जुळणीची साखळी थांबते. अंतर म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे बळ, हे दोन्ही प्रसंग शिकवितात. ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये विशिष्ट विद्या हस्तगत होईपर्यंत एकदा निघालेला नौकांचा ताफा वाटेत वळविता येत नसे. ही उणीव नव्हती. खेळाडूच्या निर्णयाला वजन देणारी ती अट होती. आगामी खेळ प्रवासाची किंमत मागतो की सारे क्षणार्धात साधून देतो, हे म्हणून प्रथम पाहावे.

दुसरी कसोटी अधिक गंभीर आहे. अंतराळ-व्यूहखेळातील नवा ग्रह बहुधा रिकामा असतो. खेळाडूने वसाहत स्थापन करावी, खाणी खोदाव्यात, उत्पन्न मोजावे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. नकाशावर पाहिल्यास हा विस्तार खेळातल्यासारखाच सरळ दिसतो. परंतु जमीन रिकामी नव्हती आणि पाणीही बेवारस नव्हते. पवना धरणातून शहराकडे बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी ऑगस्ट २०११ मध्ये रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. ‘दोहन’ या क्रियापदाला कर्ता आणि कर्म असतात, आणि कर्मस्थानी पुष्कळदा माणसे असतात, याचे हे दारुण स्मरण होय.

यावर असा आक्षेप संभवतो की खेळ हा खेळ आहे, त्यावर इतिहासाचा भार कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. सोंगट्या मारताना कोणी शोक करीत नाही. परंतु हे खेळ केवळ सोंगट्यांचे राहू इच्छीत नाहीत. प्रजा, अन्न, असंतोष, राज्यव्यवस्था यांचे अनुकरण केल्याचा दावा ते स्वतःच करतात. ज्याने अनुकरणाचा दावा केला, त्याला अनुकरणाच्या निकषावर तपासणे हा अन्याय नव्हे. शिवाय अशी रचना अशक्यही नाही. २०१६ सालच्या ‘स्टेलारिस’मध्ये अप्रगत समाजांचे ग्रह आढळतात; त्यांचे दुरून निरीक्षण करावे की त्यांवर आक्रमण करावे, ही निवड खेळाडूवर सोपविलेली असते. ग्रह वसलेला असला की निर्णय अवघड होतो, आणि अवघड निर्णय हाच व्यूहखेळाचा प्राण होय. नैतिक आणि रचनात्मक अशा दोन्ही मागण्या येथे एकत्र येतात.

तात्पर्य, पूर्वसमीक्षेने भविष्यकथन करू नये. अप्रकाशित खेळ चांगला निपजेल की वाईट, हे सांगण्याचा अधिकार तिला नाही. त्यासाठी डाव मांडूनच पाहावा लागेल. मात्र कोणते प्रश्न घेऊन डावाला बसावे, हे ती ठरवू शकते. १९९३ सालच्या एका लेखाने चार क्रियापदे दिली आणि तीन दशके खेळाडूंनी त्या चारांतच अपेक्षा बाळगल्या. यावरून पूर्वसमीक्षेचे सामर्थ्य दिसते, आणि तिची जबाबदारीही. मराठीत हा विचार आता कोठे आरंभ पावत असताना, परिभाषेबरोबर ती चार क्रियापदेही जशीच्या तशी उसनी घ्यावयाची की त्यांत ‘वाटाघाट’ आणि ‘सहवास’ यांची भर घालावयाची, याचा निर्णय अभ्यासकांनी करणे इष्ट ठरेल.