पुनर्रचनापर्वाचा इतिहास आणि साक्षीचा प्रश्न

प्रत्येक पिढी इतिहास नव्याने लिहिते, हे वचन इतिहासमीमांसेत इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनापर्वाचे (१८६५–१८७७) इतिहासलेखन त्याचे ठळक उदाहरण म्हणून पुढे केले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तेच उदाहरण या वचनाची मर्यादा दाखविते.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्यांचे शिष्य यांनी या पर्वाचे रेखाटलेले चित्र सुमारे अर्धशतक प्रमाण मानले गेले. मताधिकार मिळालेले कृष्णवर्णीय अज्ञ, उत्तरेकडून आलेले पुढारी धनलोभी आणि पराभूत दक्षिणेवर लादलेली राजवट भ्रष्ट, असा त्याचा आशय होता. या संप्रदायाने श्रमात कसूर केली असे मात्र म्हणता येणार नाही. वॉल्टर फ्लेमिंग यांचा अलाबामावरील ग्रंथ (१९०५) त्यांच्या परिश्रमांची साक्ष देतो. दोष होता तो साक्षीदारांच्या निवडीत. कू क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीने १८७२ मध्ये तेरा खंडांचा अहवाल सादर केला. त्यात अत्याचार सोसलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रीपुरुषांच्या जबान्या आहेत. हे खंड छापील होते, उपलब्ध होते. तथापि जमीनदाराचा शब्द हा पुरावा आणि त्याच्या पूर्वीच्या गुलामाचा शब्द हा कांगावा, हा भेद कागदपत्रांतून निघालेला नव्हता. तो आधीच ठरलेला होता.

डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये या भेदावरच बोट ठेवले. ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात त्यांनी प्रतिष्ठित इतिहासकारांवरच पक्षपाताचा आरोप केला. मळे सोडून जाणाऱ्या गुलामांच्या कृतीला ‘सार्वत्रिक संप’ म्हणणे, ही त्यांची मार्क्सवादी परिभाषा ओढाताणीची वाटते. परंतु मूळ आक्षेप त्यामुळे ढळत नाही. युगधर्मच इतिहास लिहवीत असता, तर त्या काळी हा ग्रंथ निर्माण होण्याचे कारणच नव्हते. त्याला व्यापक मान्यता मिळाली ती नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, हे खरे. केनेथ स्टॅम्प यांचा १९६५ चा ग्रंथही त्याच वातावरणातला. तथापि एखादे मत मान्य होण्याचे कारण आणि ते खरे असण्याचे कारण, या दोन भिन्न गोष्टी होत. चळवळीने वाचकांचे कान उघडले. जबान्या १८७२ पासून तेथेच होत्या.

मग नवी मांडणी जुनीपेक्षा सरस कशी ठरवावी? एरिक फोनर यांच्या १९८८ च्या ग्रंथात याचे उत्तर सापडते. डनिंग यांच्याच विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या फोनर यांनी दक्षिणेतील राजवटींतील भ्रष्टाचार नाकारला नाही. त्याच काळात न्यूयॉर्क शहरात ट्वीडच्या टोळीने केलेली लूट त्यांनी त्याच्याशेजारी ठेवली, आणि मुक्त गुलामांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याच्या दप्तरातून शाळा, मजुरी व जमीन यांसाठी चाललेली धडपड उजेडात आणली. जुन्या मांडणीला नवा पुरावा पेलत नाही. नवी मांडणी मात्र जुन्या पुराव्याचाही अर्थ लावते. हा निकष युगधर्मावर अवलंबून नाही.

मराठी अभ्यासकाला हा वाद परका नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा पुनर्रचनापर्व चालूच होते. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतील उरल्यासुरल्या राजवटींचा लष्करी आधारही काढून घेण्यात आला. फुल्यांनी गौरव केला तो मुक्तिदात्यांच्या निःस्वार्थ त्यागाचा. डू बॉइस विचारतात ते, ज्यांची मुक्ती झाली त्यांनी स्वतः काय केले. अर्पणपत्रिकेचा आदर राखूनही हा दुसरा प्रश्न आपल्या दप्तरखान्यांतील कागदांना विचारणे, हे आपल्या विद्यार्थ्यांपुढील काम आहे.