सन हाउसचे पुनरागमन : स्मृती आणि निर्मिती

लोककलावंताने परंपरेने लाभलेला ठेवा अखंड जतन केला असेल, तरच त्याची कला अस्सल, असे लोकसंगीताच्या समीक्षेत सहसा गृहीत धरले जाते. या गृहीतकाची कसोटी मिसिसिपीचा ब्लूज-गायक सन हाउस याच्या १९६५ मधील 'फादर ऑफ फोक ब्लूज' या ध्वनिमुद्रिकेने पाहिली आहे.

हाउसने १९३० मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी ग्राफ्टन येथे काही तबकड्या गायिल्या. १९४१ व १९४२ मध्ये ॲलन लोमॅक्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याचे गायन मुद्रित केले. पुढे तो न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्थायिक झाला आणि त्याचे वादन सुटले. १९६४ मध्ये संशोधकांनी त्याला शोधून काढले, तेव्हा स्वतःच्याच रचना त्याच्या हाताला आठवत नव्हत्या. जुन्या तबकड्यांवरून त्याचे वादन आत्मसात केलेल्या ॲलन विल्सन या तरुणाने त्या त्याला पुन्हा दाखविल्या. त्यानंतर कोलंबिया कंपनीसाठी जॉन हॅमंड यांच्या देखरेखीखाली हे मुद्रण झाले.

येथेच आक्षेप उद्भवतो. शिष्याने गुरूला शिकविलेली कला गुरूची कशी म्हणावी? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु त्याचे उत्तर चरित्रात नव्हे, प्रत्यक्ष गायनात शोधले पाहिजे.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. त्यामुळे 'प्रीचिन द ब्लूज' हे गीत १९३० मध्ये दोन बाजूंत विभागावे लागले. १९६५ मध्ये ते पाच मिनिटांहून अधिक काळ सलग चालते. धर्मोपदेशक आणि ब्लूज-गायक या दोन्ही भूमिका जगलेल्या पुरुषाचे अंतर्द्वंद्व त्यात खंड न पडता उलगडते. 'माय ब्लॅक मामा'च्या दुसऱ्या भागातील प्रेयसीच्या मृत्यूची वार्ता 'डेथ लेटर'मध्ये स्वतंत्र गीताचे रूप घेते. तबकडीवरून केवळ पाठांतर झाले असते, तर हा विस्तार संभवला नसता.

याहून निर्णायक पुरावा 'जॉन द रेव्हिलेटर' व 'ग्रिनिन इन युवर फेस' या दोन गीतांचा आहे. येथे गिटार नाही. केवळ कंठ आणि टाळ्यांचा ठेका आहे. ही गीते त्याच्या पूर्वीच्या मुद्रणांत आढळत नाहीत; अर्थात विल्सनला ती तबकड्यांतून परत देता आली नसती. हात विसरला तरी कंठ विसरला नव्हता, हे त्यांवरून दिसते.

या ध्वनिमुद्रिकेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. १९३० मधील बोटांची चपळाई येथे उरलेली नाही. नऊ गीतांपैकी 'एम्पायर स्टेट एक्स्प्रेस' व 'लेव्ही कँप मोन' या दोहोंत विल्सनची साथ असल्याने तेथे एकलत्व भंगते आणि गायकाच्या स्वैर लयीला नकळत बांध पडतो. उलट, जेथे तो एकटा आहे तेथे लयीचे आखडणे व सैलावणे सर्वस्वी आशयाच्या अधीन राहते. एकल मुद्रणाचे महत्त्व नेमके यात आहे.

तात्पर्य, परंपरा म्हणजे बंद पेटीतील ठेव नव्हे. विस्मरणानंतर कलावंत तिच्यात पुन्हा प्रवेश करू शकतो, आणि त्या प्रवेशात नवनिर्मितीही घडू शकते. विल्सनने हाउसला त्याच्या रचनांची वाट दाखविली. त्या वाटेवरून चालण्याचे सामर्थ्य हाउसचे स्वतःचेच होते. ध्वनिमुद्रिकेच्या अस्सलपणाचा निर्णय या भेदावरच अवलंबून ठेवणे न्याय्य ठरेल.